नंदीमाळ ते होनवाडी

आमच्या भागात अंतर विचारलं की कुणी खरं सांगत नाही. फसवायचं असतं असं नाही. लांब म्हटलं तर समोरचा यायचाच नाही, ही भीती. डॉक्टर यायचा नाही, मास्तर टिकायचा नाही, पाहुणे मुलगी द्यायचे नाहीत. म्हणून कुणीही विचारो, उत्तर ठरलेलं: "ह्ये काय, जवळच हाय की." मी याच भागात जन्मले, याच वाटांवर चपला झिजवल्या, आणि नेमकी कामाच्या वेळी ही गोष्ट मला आठवली नाही. माझ्यासारखी शहाणी मीच.

मी शिवप्रिया. धाराशिवला एका सरकारी कार्यालयात कंत्राटी प्रोग्रॅमर आहे. माहेर नंदीमाळ, तुळजापूर तालुक्यातली तीसेक घरांची वस्ती. आई, आमची अव्वा, जाऊन सहा वर्षं झाली. तिथं आता वस्तीचे पंच असलेले माझे वडील शंकरप्पा (आमचे अप्पा), धाकटा भाऊ शिवकुमार, भावजय आणि त्यांची मुलगी आरोही राहतात. आरोही तेव्हा तिसरीत होती. वस्तीवर एका खोलीची, एका बाईंची शाळा होती. पट अकरा.

गेल्या डिसेंबरात आमच्या रणधीर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वरून पत्र आलं होतं. ज्या शाळेचा पट वीसच्या आत आणि जिच्यापासून दुसरी शाळा तीन किलोमीटरच्या आत, ती शाळा त्या दुसरीत मिसळायची. अंतर हवेतून धरायचं नाही, चालायच्या वाटेनं धरायचं. जिल्ह्यातल्या प्रत्येक लहान शाळेला सगळ्यात जवळची शाळा कोणती आणि ती किती दूर, हे मशीननं काढायचं होतं.

"जमेल का?" साहेबांनी विचारलं.

"न जमायला काय झालं सर? कॉलेजात दुसऱ्या वर्षालाच शिकवतात हे."

मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. चार वर्षं मी तक्ते भरत होते आणि पासवर्ड विसरलेल्या लोकांना नवे पासवर्ड देत होते. पहिल्यांदाच शिकलेलं काहीतरी कामाला येणार होतं. नंदीमाळचा विचार मनात आला नाही असं नाही. पण आमच्यापासून जवळची शाळा म्हणजे होनवाडीची, आणि ती चार किलोमीटरच्या पुढं. पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिथं रोज चालत गेले आहे. ओढा उतरायचा, चढायचा, मग हायवे ओलांडायचा. माझ्या पायांना ते अंतर पाठ आहे. आपली शाळा सुटली, म्हणून मी निश्चिंत होते.

साहेबांना उपग्रहाचा नकाशा वापरायचा होता. मीच आडवी आले. म्हटलं, "सर, त्या नकाशात आपल्या वस्त्यांच्या निम्म्या वाटा नाहीत. बाभळीखालून गाडीवाट जाते, ती वरून कशी दिसणार? आपल्याकडं वस्ती-तक्ते आहेत ना." प्रत्येक वस्तीचा एक तक्ता असतो. शेजारची गावं कोणती, वाट कसली, अंतर किती, आणि खाली त्या वस्तीच्या पंचाची सही. आठ-दहा वर्षांनी एकदा कारकून येऊन तो नव्यानं भरून नेतो. "स्वतःच्या पायाखालची वाट माणसांना ठाऊक असते सर," मी ठसक्यात म्हणाले. त्यावर आणखी अक्कल पाजळली: शाळेचा तक्ता वेगळा, दवाखान्याचा वेगळा, हा घोळ कशाला? एकच तक्ता ठेवू, सगळ्या खात्यांनी तोच वापरायचा. साहेबांना ते एवढं आवडलं की त्यांनी तसं परिपत्रकच काढलं.

दोन मुलींनी मिळून अकराशे तक्ते टाइप केले आणि मी प्रोग्रॅम लिहायला बसले. रीत जुनी आणि साधी आहे, डायक्स्ट्रा नावाच्या संगणकतज्ज्ञाची. प्रत्येक गाव म्हणजे एक ठिपका. प्रत्येक वाट म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ, आणि रेघेवर तिचं अंतर. एका शाळेवर उभं राहायचं. सुरुवातीला बाकीची सगळी गावं अनंत अंतरावर आहेत असं धरायचं, म्हणजे अजून वाट सापडलेली नाही. मग सगळ्यात जवळचं गाव आधी घ्यायचं आणि त्याच्या शेजाऱ्यांकडं बघायचं. या गावावरून गेलं तर शेजाऱ्याचं अंतर कमी होतंय का? होत असेल तर जुना आकडा पुसायचा, कमी तो लिहायचा. असं करत एकेक गाव पक्कं करत पुढं सरकायचं. जे एकदा पक्कं झालं त्याच्याकडं पुन्हा वळून बघायचं नाही. सगळं मिळून नव्वद ओळी.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. रेघा एकाच बाजूनं नोंदवल्या. त्यामुळं येरमाळ्याहून तुळजापूरला जाता येत होतं, परत यायला मात्र वाटच नव्हती. साहेब म्हणाले, "भवानीनं ठेवून घेतलं वाटतं." दुरुस्त केलं. भूम, येरमाळा, तुळजापूर अशी मोठ्या गावांमधली अंतरं एसटीच्या अंतरांशी ताडून पाहिली. बरोबर जुळली. मग सगळ्या लहान शाळांवर प्रोग्रॅम चालवला.

चौसष्ट शाळांची यादी आली. सदतिसाव्या ओळीत नंदीमाळ होती. जवळची शाळा होनवाडी, अंतर दोन किलोमीटर.

मला वाटलं, प्रोग्रॅम चुकला. नव्वदच्या नव्वद ओळी कागदावर घेऊन बोट ठेवून तपासल्या. प्रोग्रॅम बरोबर होता. मग वाटलं, टाइप करणाऱ्या पोरींनी चारच्या जागी दोन मारले. कपाटातून मूळ तक्ता काढला. कागदावरच दोन होतं, आणि खाली अप्पांची सही, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून केलेली. मी त्याच्या आधीचे तक्तेही शोधले. सत्त्याण्णव सालात नंदीमाळ होनवाडीपासून साडेतीन किलोमीटरवर होती. दोन हजार सहाला तीनवर आली. पंधराला दोनवर. तिन्हींवर सही एकाच माणसाची.

रविवारी मी एसटीनं फाट्यावर उतरले. शिवकुमार मोटरसायकल घेऊन आला होता. घरी गेल्या गेल्या तिन्ही कागदांच्या झेरॉक्स अप्पांच्या पुढ्यात ठेवल्या.

"अप्पा, ह्ये काय करून ठिवलंय तुमी?"

अप्पांनी चष्मा लावला, तिन्ही कागद नीट बघितले. लाजतील असं वाटलं होतं मला. उलट गडी खूश झाला.

"सत्त्याण्णवला इजेचे खांब याचे हुते. लांबच्या वस्त्या मागं ठिवत हुते. म्या साडेतीन सांगितलं, खांब आले. सहा साली अंगणवाडी. तीन सांगितलं, अंगणवाडी आली."

"आन् ह्ये दोन?"

"त्ये न्हवं का, शिवकुमारच्या सोयरिकीचं," अप्पा म्हणाले. "पाहुणे खाटंवर बसल्याले, आन् नेमका त्यो कारकून तवाच आला. पोरीचा मामा समोरच. त्याला म्या आदीच दोन सांगून बसल्यालो. मग कारकुनाला चार सांगू? एका तोंडानं दोन आकडे कसं बोलायचं माणसानं?"

आतून भावजय हसली. "मला तर वरात चालता चालता कळलं की ह्यांचं दोन केवढं असतंय ते."

"दोनाचा फायदाच झाला की," अप्पा म्हणाले. "होनवाडीच्या दवाखान्याची सिस्टर दोनाच्या आतल्या वस्तीवर फिरतीय. दर बुधवारी येती. माजं बीपी बघती."

मग मी शाळेचं सांगितलं. यादी, नियम, तीन किलोमीटर, सगळं. सांगता सांगता माझा आवाज चढला. अप्पांनी चष्मा काढून हातात धरला.

"म्हंजे शाळा माज्या दस्तखतानं चालली म्हण की."

नाही म्हणायला हवं होतं. कसाही असला तरी बाप आहे, चौऱ्याहत्तर वर्षांचा. पण माझी जीभ काळी. "व्हय," मी म्हटलं.

शिवकुमारला त्यात एवढं काही अवघड दिसेना. "अक्का, प्रोग्रॅम तूच लिवलास नव्हं? मग तूच खोड की दोन."

"प्रोग्रॅम माझा हाय, आकडा माझा न्हाय रं."

आरोही उंबऱ्यावर बसून ऐकत होती. "मग आत्या, चौथीला मी कुठं जायचं?"

"होनवाडीला," मी म्हटलं.

भावजय बाहेर आली. आता ती हसत नव्हती. "त्या हायवेवरनं म्या पोरीला एकटीला धाडणार न्हाय. आताच सांगून ठिवते." तिनं कुणाकडं बघून सांगितलं नाही, पण ते माझ्यासाठी होतं.

सोमवारी मी साहेबांपुढं उभी राहिले आणि सांगून टाकलं की तक्त्यांतली वस्त्यांची अंतरं खोटी आहेत. एक नाही, बहुतेक सगळी. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "प्रिया, तक्ते वापरा म्हणून तूच सांगितलंस. आता सगळा जिल्हा खोटं बोलतो म्हणून लेखी देतेस?"

दिलं लेखी. त्यावर साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत काढली. ज्या वस्तीला अंतर दुरुस्त करायचं असेल तिनं ऑफिसच्या चाकानं वाट मोजायची, चाकावरच्या आकड्याचा फोटो जोडायचा, आणि त्या वस्तीच्या पंचानं सही करायची. दुसऱ्याच्या वाटेबद्दल तिसऱ्यानं बोलायचं नाही. फोटोची अट माझ्या अर्जामुळंच आली. एकदा खोटं बोललेल्या माणसाचा नुसता शब्द कसा धरायचा, असं मीच त्यात लिहिलं होतं.

मी चाक घेऊन नंदीमाळला गेले. एका दांडीला लावलेलं ते चाक ढकलत चालायचं, वर आकडा फिरत राहतो. मी आणि शिवकुमार मोजून येतो म्हटलं तर अप्पा ऐकेनात. "सही माजी, तर चालणार बी मीच." ओढ्यापर्यंत आलो तेव्हा आकडा दोनच्या पुढं गेला होता. अप्पा दगडावर बसले, धोतरानं तोंड पुसलं आणि पुढच्या चढाकडं बघत राहिले.

"एवढं हाय व्हय गं?" ते म्हणाले.

ते नाटक नव्हतं. दहा वर्षं जगाला दोन सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते दोनच वाटायला लागलं होतं. मला त्यांचा राग आला होता तो तिथंच ओढ्यात गेला.

होनवाडीच्या शाळेच्या दारात चाकानं चार पूर्णांक तीन दाखवलं. फोटो काढला. सही करण्याआधी मी अप्पांना स्पष्ट सांगितलं, "तक्ता सगळ्यांचा एकच हाय. ह्ये लिवलं की सिस्टर बी बंद हुईल."

"हुं दे. माज्या गोळ्या म्या तुळजापूरहून आणीन. पोरीची शाळा ऱ्हाऊ दे." आणि त्यांनी सही केली, शेपटासकट.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी आकडा बदलला आणि प्रोग्रॅम चालवला. नंदीमाळ यादीत होतीच. फक्त आकडा बदलला होता. आता दोन पूर्णांक नऊ.

मी वाट छापून बघितली. नंदीमाळ, कोरेवस्ती, होनवाडी. सरळ वाट चारच्या वर गेल्यावर प्रोग्रॅमनं शेजारच्या, शाळा नसलेल्या वस्तीवरून वाट काढली होती. आमच्यापासून कोरेवस्ती एक पूर्णांक चार. ते खरं आहे. दोन वस्त्यांमधल्या वाटेबद्दल खोटं बोलून कुणाला काय मिळणार? पण कोरेवस्ती ते होनवाडी तक्त्यात दीड लिहिलं होतं. ती वाट माळाला वळसा घालून जाते, तीन किलोमीटरच्या वर आहे. त्यांनीही आमच्यासारखंच केलं होतं. एक चार आणि एक पाच, दोन नऊ. प्रोग्रॅमला मी जवळची वाट शोधायला सांगितलं होतं, आणि एक खोटं काढून घेतलं तर तो बिचारा इमानदारीनं शेजारचं खोटं शोधून आणत होता. मला इतका संताप आला की मी लॅपटॉप मिटून ऑफिसच्या आवारात तीन चकरा मारल्या.

शंभर मीटर. शंभर मीटरसाठी शाळा जाणार होती.

कोरेवस्तीचे पंच वीरभद्र काका. अप्पांचे जुने स्नेही, दोघं एकाच बैलबाजाराला जायचे. मुदतीचे पाच दिवस उरले होते तेव्हा मी आणि अप्पा त्यांच्याकडं गेलो. काका अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होते. अप्पांनी आढेवेढे न घेता सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी.

काकांनी ऐकून घेतलं. मग उठले, म्हणाले, "प्रिया, आत ये. तुला एक दावतो."

आत शांतम्मा काकी खाटेवर बसल्या होत्या. उजवा पाय उशीवर, पांढऱ्या पट्टीत. त्यांना साखरेचा आजार आहे हे मला माहीत होतं. दोन बोटं काढली आहेत हे माहीत नव्हतं.

"दर बुधवारी सिस्टर येती, जखम धुती, पट्टी बदलती," काका म्हणाले. "ती यायला लागल्यापासनं वरचं वाचलंय. न्हायतर डॉक्टर घोट्यापातुर काढा म्हणत हुता. हिला मोटरसायकलवर बसवत न्हाय. पोरं पुण्याला. आता दीडाचं तीन केलं की सिस्टर बंद. मग म्या काय करू, सांग."

काकांनी माझ्याकडून कागद-पेन मागून घेतलं.

"तुज्या आरोहीची शाळा का हिचा पाय? म्या न्हाय ठरवत. तू शिकल्याली हाईस. तू म्हणशील त्ये लिवून देतो, आत्ता, ह्या कागदावर."

मनापासून म्हणत होते ते. हातात माझंच पेन होतं. मी काकींच्या पायाकडं बघितलं; काय लिहा म्हणायचं ते ठरेना. अप्पा दारात उभे होते.

शेवटी काकीच बोलल्या. "येवढं कशापायी रडताय समदी? किती कमी पडतंय, प्रिया?"

"शंभर मीटर, काकी. त्याच्या वर थोडं पायजे."

"मग दीडाचं सतरा करा की. एक आन् सात. सिस्टर दोनाच्या आत याती, तुमची शाळा तिनाच्या बाहीर जाती. दोगांचं बी भागलं."

मी बोटांवर मोजलं. एक चार आणि एक सात, तीन पूर्णांक एक. खरंच भागत होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं खाटेवर बसून ते सोडवलं होतं. काकांनी लगेच सतरा लिहून सही ठोकली. परत जाताना अप्पा आपल्याशीच हसत होते, आणि मलाही हलकं वाटत होतं. लबाडी होती, पण तिच्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

साहेबांनी कागद वाचला. उलटून बघितला.

"चाकाचा फोटो?"

"सर, फोटो नाही. पण पंचांची सही आहे."

"खरं अंतर किती आहे?"

मी सांगितलं. सिस्टरचं, पायाचं, शाळेचं, सगळं सांगितलं. काकी काय म्हणाल्या तेही सांगितलं. साहेब ऐकताना टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले.

"माझ्या हातात असतं तर मी घेतला असता," ते म्हणाले. "पण तुझ्याच अर्जावर परिपत्रक निघालंय. एक खोटं काढून त्याच्या जागी दुसरं घेतलं, तर उद्या चौसष्ट गावं माझ्या दारात. चाक फिरवून आण, जो आकडा येईल तो लगेच टाकतो. नाहीतर आहे ते राहील."

आहे ते म्हणजे दीड. चाक फिरवलं तर तीनच्या वर. मधला आकडा घ्यायला कुणी तयार नव्हतं.

एक गोष्ट मी केली, तीही सांगते. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा फाइल उघडली आणि कोरेवस्तीच्या ओळीत दीडाचं एक पूर्णांक सात केलं. प्रोग्रॅम चालवला. त्रेसष्ट शाळा. नंदीमाळ यादीत नव्हती. मी ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. मग खाली लाल ओळ आली: कागदावरचा आकडा आणि फाइलीतला आकडा जुळत नाही. ती तपासणी मीच लिहिली होती, आणि यादी पाठवली की तिचा निकाल आपोआप साहेबांच्याही वर जातो. मी आकडा परत दीड केला. नोकरीला घाबरले, हे खरं आहे. पण नोकरी सोडली असती तरी ती ओळ लालच राहिली असती.

मुदत संपली तोवर सगळ्या जिल्ह्यातून दुरुस्तीसाठी तीन वस्त्या आल्या होत्या, आमची धरून. आपण लांब आहोत असं लिहून द्यायला कुणाला आवडतं?

एप्रिलमध्ये आदेश निघाला. नंदीमाळची शाळा होनवाडीत मिसळली. अंतर तीनच्या आत, म्हणून गाडीची सोय नाही. बाईंची बदली भूमकडं झाली. आणि अप्पांनी खरं लिहून दिलं होतं त्यामुळं सिस्टरही बंद झाली, कारण दोन पूर्णांक नऊ हे दोनच्या बाहेर. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. वस्तीवरच्या लोकांपैकी कुणी अप्पांना तोंडावर काही म्हटलं नाही. पण पारावर ते येऊन बसले की बोलणं थांबायचं, असं शिवकुमारनं मला सांगितलं.

जूनमध्ये होनवाडीची शाळा सुरू झाली तेव्हा अप्पा म्हणाले, पोरीला मी पोचवीन. पहाटे उठून लिंगपूजा करायचे, कपाळाला विभूती लावायचे, आणि तिचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवून निघायचे. शाळा सुटेपर्यंत तिथंच मारुतीच्या देवळात बसायचे, कारण मध्ये घरी येऊन परत जाणं त्यांच्यानं होणार नव्हतं. दिवसाचे साडेआठ किलोमीटर. मी फोनवर भांडले, "अप्पा, गुडगे जातील." ते म्हणाले, "माजं दोन हाय, म्या फेडतो." अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी ओढ्याच्या चढावर त्यांचा पाय मुरगळला. आरोहीनं रडत रडत वस्तीवर पळत येऊन माणसं बोलावली. त्यानंतर ते अंगणाबाहेर पडले नाहीत.

मग शिवकुमार मोटरसायकलवर सोडायचा. पेरणी आली तसे खाडे पडू लागले. वस्तीवरच्या अकरा मुलांपैकी चौघांना आईबापांनी तुळजापूरला नातेवाइकांकडं ठेवलं. तीन मुलगे चालत जातात. बाकीच्यांचं विचारू नये.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी ऑफिसात होते. शेजारच्या जिल्ह्याला आमचा प्रोग्रॅम हवा होता, मी त्यांच्यासाठी तो नीट करून देत होते. मध्येच शिवकुमारचा फोन आला. विमा भरायची तारीख विचारायची होती त्याला. मी सांगितली. मग विचारलं, "आरोही शाळेत गेलीय ना आज?"



"न्हाय, अक्का. पंचमीपासनं न्हाय गेली. आईजवळच असती. भाकरी शिकलीय, लई चांगली करती." आणि मी काही बोलायच्या आत घाईनं म्हणाला, "तू रागावू नगं. लांब हाय गं लई. जवळ असती तर धाडली असती की."

समोर माझा प्रोग्रॅम उघडा होता. त्याच्या हिशेबी नंदीमाळ होनवाडीपासून तीनच्या आत आहे, आणि ते कायमचं पक्कं झालेलं आहे.

"व्हय," मी म्हटलं. "लांबच हाय."